बटाट्याची रात्र आणि माझा लाल दिवा

आयुष्यात मी दोन नोकऱ्या केल्या आणि दोन्ही अंधारात केल्या. पहिली उल्हासनगर कॅम्प चारमध्ये, टेकचंदशेठच्या फोटो स्टुडिओच्या डार्करूममध्ये. दुसरी अंबरनाथ पूर्वेला, बाटलीत बटाट्याचं बियाणं तयार करणाऱ्या एका प्रयोगशाळेत. पहिल्या नोकरीबद्दल कोणी फारसं विचारत नाही. दुसरीचं नाव काढलं की समोरचा हमखास म्हणतो, "बाटलीत बटाटा? मग बाहेर कसा काढता?" हा प्रश्न इतक्या वेळा ऐकला आहे की हल्ली मीच आधी हसून घेतो.

तर तेवढं आधी सांगून टाकतो. बटाट्याचं पीक बटाट्यापासूनच घेतात. त्यामुळे आईला रोग असला की तो लेकरांत उतरतो आणि पिढीगणिक वाढत जातो. त्यावर उपाय म्हणून निरोगी झाडाच्या शेंड्याचा अगदी बारीक कण घेऊन तो बाटलीत वाढवायचा. बाटलीत माती नसते. साखर आणि क्षार घातलेली घट्ट जेली असते. रोप वाढलं की त्याचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याचं पुन्हा रोप करायचं. अशी पुरेशी रोपं झाली की त्यांना जास्त साखरेच्या जेलीवर बसवून बाटल्या अंधाऱ्या खोलीत ठेवायच्या. तिथे आठ तास उजेड आणि सोळा तास काळोख. काही आठवड्यांनी रोपाच्या पानांच्या बगलेत मणी धरतात, ज्वारीच्या दाण्याएवढे, फार तर वाटाण्याएवढे. ते बटाटेच असतात. आम्ही त्यांना मणीच म्हणायचो आणि चिमट्याने बाहेर काढायचो. हे मणी जाळीच्या घरात लावून बियाणं तयार व्हायचं आणि ते मंचरकडच्या शेतकऱ्यांकडे जायचं.

दिवसा दिवे लावले तर खोली तापते, म्हणून आमची झाडं उलट्या घड्याळावर होती. ती रात्री दहाला उठायची आणि सकाळी सहाला झोपायची. आम्ही कामावर जायचो तेव्हा त्यांची मध्यरात्र चालू असायची. प्रयोगशाळेच्या मालकांना असा माणूस हवा होता की जो भर दिवसा काळोखात काम करील आणि धडपडणार नाही. डिजिटल कॅमेरे आल्यावर टेकचंदशेठने स्टुडिओ मोडून त्याच गाळ्यात एलईडी दिव्यांचं दुकान टाकलं होतं. मला गिऱ्हाइकाशी गोड बोलता येत नाही हे त्यांना ठाऊक होतं. प्रयोगशाळेला दिवे त्यांच्याकडूनच जायचे, म्हणून त्यांनीच माझं नाव सुचवलं. मालकांनी विचारलं, "अनुभव?" मी म्हटलं, "अठरा वर्षं डार्करूम." मुलाखत तिथेच संपली.

माझ्याकडे मांडण्या, ट्यूबलाइट, टायमर, थंडावा आणि बाटल्या धुणं हे सगळं होतं. बाटल्या धुताना कपडे भिजू नयेत म्हणून मी डार्करूममधला जुना काळा रेक्झिनचा एप्रन घरून आणला. रसायनांच्या डागांनी तो कडक झाला होता. दारासमोरच्या मांडणीच्या डाव्या टोकाला एक खिळा होता, धुणं झालं की तिथे तो टांगून ठेवायचो. हा एप्रन ध्यानात ठेवा.

वर्षभर सगळं सुरळीत चाललं. मग रोपांचे तुकडे करणारी बाई लग्न होऊन गेली आणि तिच्या जागी सुनंदा आली. बदलापूरच्या पलीकडच्या गावातली, भातशेती करणाऱ्या घरातली सून. बारावी सायन्स झालेली. काचेच्या कपाटासमोर बसून, चिमटा आणि पातं ज्योतीवर धरून, ती असे तुकडे करायची की बघत राहावं. मी आयुष्यभर निगेटिव्हवर ब्रश चालवणारे हात पाहिले आहेत. एवढा स्थिर हात मी पाहिला नव्हता.

काळोखाची मात्र तिला सवय नव्हती. दुसऱ्याच आठवड्यात ट्रे घेऊन आत आली आणि मांडणीला धडकली. नऊ बाटल्या फुटल्या. ती काळोखातच काचा गोळा करायला बसली. मला वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी टेकचंदशेठच्या दुकानातून एक लाल झिरोचा दिवा आणला आणि दाराशेजारी भिंतीवर बसवला.

"दादा, झाडांना चालंल ना?" तिने विचारलं.

"अहो, फोटोचा कागद लाल दिव्यात उघडा ठेवतात. अठरा वर्षं मी तेच केलं. लाल उजेडाने कोणाचं काही बिघडत नाही."

हे मी मालकांसमोरही म्हटलं, आणि जरा छाती काढून म्हटलं. कागदाइतकं उजेडाला भिणारं जगात दुसरं काही असेल असं मला वाटलंच नव्हतं. त्या दिवसापासून आम्ही बुरशी तपासायला आत गेलो की लाल दिवा लावायचो. सकाळी एकदा, दुपारी एकदा. बाटल्या धुणं संध्याकाळी.

पुढच्या खेपेला मणी धरलेच नाहीत. रोपं मेली नव्हती, उलट वाढली. शिडशिडीत, लांब, बाटलीच्या झाकणाला टेकून वाकलेली. पण बगला रिकाम्या. कर्णिक मॅडम आमच्या शास्त्रज्ञ. आठवड्यातून तीन दिवस यायच्या. त्यांनी साखर बदलली, थंडावा वाढवला, जेलीचं पाणी तपासलं. दुसरी खेपही तशीच गेली. मॅडमना दम्याचा त्रास, त्यामुळे त्या कोंदट खोलीत कधी आत यायच्या नाहीत. आम्हीच बाटल्या बाहेर नेऊन दाखवायचो, आणि हाताशी येतील त्या न्यायचो. एप्रनमागच्या बाटल्या काढायच्या तर तो कडक एप्रन उतरवावा लागे, म्हणून तिकडच्या कधी नेल्याच नाहीत.

मालकांनी वही उघडली. मणी धरायचे बंद झाले ती पहिली खेप सुनंदाच्या हातची, दुसरीही तिच्याच हातची. त्यांनी हिशेब जुळवून टाकला. "बाईंच्या हाताला गुण नाही," ते म्हणाले. "पहिल्या तारखेपासून येऊ नका म्हणून सांगा त्यांना." सांगायचं काम माझ्याकडे आलं.

मी सांगितलं. तिने हातातला चिमटा पुसून ठेवला. मग म्हणाली, "आमच्याकडं आवणीला पहिली मूठ माझ्या हातची असते, दादा. सासू दुसऱ्या कोनाला लावू देत नाय. बोलते, सुनंदाच्या हातचा पीक वाढतो." तिने आपले दोन्ही हात उलटसुलट पाहिले. "आता तिला काय सांगू? माझ्या हाताला काय झाला?"

आवणी म्हणजे भाताची लावणी, हे तुम्हाला ठाऊक असेलच. नोकरी गेली असती तर तिला दुसरी मिळाली असती. पण स्वतःच्या हातावरून तिचा विश्वास उडत होता आणि तो परत कुठे मिळत नाही. मला हे दिसत होतं आणि तरीही त्या लाल दिव्यावर माझा तिळमात्र संशय नव्हता. इतकी माझी अक्कल.

महिना संपायला चार दिवस होते. शनिवारी दुपारी मालकांनी फुकट गेलेल्या बाटल्या रिकाम्या करायला सांगितल्या. मी डाव्या टोकापासून सुरुवात केली, म्हणून एप्रन उतरवून बाजूला ठेवला. पहिली बाटली बाहेर आणली आणि तिथेच थबकलो. आत सात मणी होते. दुसरी आणली, तिच्यातही मणी. वाटलं जुन्या बाईच्या वेळच्या राहिल्या असतील. पण बाटलीवरच्या चिठ्ठीवर अक्षर सुनंदाचं होतं आणि तारीख याच खेपेची.

मग मी एकेक बाटली बाहेर आणून पाहायला लागलो. जिच्यात मणी असतील तिच्या जागी फळीवर खडूची खूण करायची, बाटली परत ठेवायची. तीन फळ्या झाल्यावर सवयीने लाल दिवा लावला, एप्रन खिळ्यावर परत टांगला आणि मांडणीच्या बाजूला सरकून उभा राहिलो.

एप्रनची सावली मांडणीवर पडली होती. वर अरुंद, छातीचा तुकडा असतो तेवढी, खाली रुंद. माझ्या खडूच्या खुणा सगळ्याच्या सगळ्या त्या सावलीच्या आत होत्या. बाहेर एकही नाही.

डार्करूममध्ये वेळ मिळाला की आम्ही एक गंमत करायचो. कोऱ्या कागदावर किल्ली किंवा पिंपळाचं पान ठेवायचं, क्षणभर पांढरा दिवा लावायचा आणि कागद रसायनात टाकायचा. सगळा कागद काळा पडायचा आणि पानाच्या सावलीत पांढरं पान उमटायचं. उजेड लागला कुठे आणि चुकला कुठे, हे कागद कधी खोटं सांगत नाही. इथे कागदाच्या जागी बटाटे होते. माझ्या एप्रनचा त्यांनी फोटो काढला होता आणि उजेड माझ्या लाल दिव्याचा होता.

त्या क्षणी धावत जाऊन सांगायला हवं होतं. मी दिवा बंद केला, कुलूप लावलं आणि घरी आलो. आजही याची लाज वाटते. मालकांसमोर काढलेली छाती आता आत घ्यायची होती आणि ते जमत नव्हतं. पक्कं करून सांगू, असं मनाला समजावलं, पण पक्कं करण्यासारखं काही उरलं नव्हतं. रविवारी सकाळी नेहमीसारखा विहारात वंदनेला गेलो. पंचशील म्हणताना चौथ्या शीलाशी अडखळलो. खोटं बोलायचं नाही, एवढंच त्या शीलात आहे. मी खोटं बोललो नव्हतो, पण माझ्या गप्प बसण्यावर दुसरीची नोकरी जाणार होती. शेजारी बसलेली बायको म्हणाली, "तब्येत बरी नाही का?" मी म्हटलं, "उद्या बरी होईल."

सोमवारी मॅडम, मालक आणि सुनंदा तिघांना एकत्र बोलावलं आणि सांगितलं, "चूक माझी आहे. दिवा मी लावला." खडूच्या खुणा मी कागदावर उतरवून घेतल्या होत्या, तो कागद मॅडमच्या हाती दिला. त्यांनी तो पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "लाल? रात्रीच्या मधोमध? अहो, मी कॉलेजात शिकवलेलं आहे हे!"

मग त्यांनी समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो. बटाट्याचं पान रात्र मोजतं. सलग लांब रात्र मिळाली की त्याला कळतं की थंडीचे दिवस आले, आता पोट भरून ठेवायला हवं. तसा निरोप ते खाली पाठवतं आणि बटाटा धरतो. पण त्या रात्रीच्या मध्ये थोडा वेळ जरी लाल उजेड पडला तरी पान मोजणी पहिल्यापासून सुरू करतं. एका लांब रात्रीच्या दोन आखूड रात्री होतात. मग झाड उंच वाढत राहतं आणि बटाट्याचं नाव घेत नाही. सगळ्याच जाती एवढ्या नाजूक नसतात. आमच्याकडची जात होती. फोटोच्या कागदाला जो रंग दिसतच नाही, नेमका त्याच रंगावर बटाट्याचं पान टपून बसलेलं असतं. हे अठरा वर्षांच्या अनुभवात कुठे लिहिलेलं नव्हतं.

मालकांना ते पटलं नाही. "एप्रनची सावली! फोटोवाल्यांच्या कल्पना आहेत या," ते म्हणाले. मॅडम ठाम राहिल्या. शेवटी एका खेपेची मुदत मिळाली. सगळे तुकडे सुनंदाच करणार, दुसऱ्या कोणाचा हात लागणार नाही. मणी आले तर ती राहील.

मॅडमनी तीन मांडण्या वेगळ्या केल्या. एकीला पूर्ण काळोख, दुसरीला माझा लाल दिवा, तिसरीला हिरवा, कारण हिरव्या उजेडाकडे पान फारसं लक्ष देत नाही असं त्यांचं म्हणणं. मध्ये काळे पडदे. आणि आता रंगाचा विषय निघालाच आहे तर, म्हणून आणखी दोन फळ्यांवर झाडांच्या दिवसालाच रंग द्यायचा, एकीवर नुसता लाल, एकीवर नुसता निळा. निळ्या एलईडीच्या पट्ट्या आणायला मी कॅम्प चारला गेलो.

"शादी है क्या घर में?" टेकचंदशेठने विचारलं. निळी पट्टी लग्नाच्या मांडवाला आणि ऑर्केस्ट्राला जाते. मी म्हटलं, बटाट्यांना पाहिजे.  "साईं, अब पटाटे भी डिस्को करेंगे?" असं म्हणून त्यांनी पट्टी दिली, वर एक हिरवा दिवा. "ये मेरी तरफ से. लाल मैंने ही दिया था ना."

पुढचे आठवडे सुनंदा दुपारी डबा खाऊन झाला की हात मांडीखाली धरून बसायची. मी टायमर दिवसातून चार वेळा तपासायचो. एकदा ती म्हणाली, "दादा, तुमी नसता सांगितला तर मला कदी कळलाच नसता."  त्या रविवारबद्दल तिला तेव्हा सांगायला हवं होतं, ते राहिलं.

बाटल्या उघडायच्या दिवशी टेबलावर पाच ट्रे मांडले. मॅडमनी चिमटा सुनंदाच्या हातात दिला. काळोखातल्या पहिल्या बाटलीतून तिने एक मणी काढला, मग दुसरा, मग पाचवा. हिरव्या दिव्याच्या ट्रेमध्येही तसेच. लाल दिव्याच्या बाटल्यांत ताडमाड रोपं आणि शंभरात एखाद-दुसरा मणी. ज्यांचा दिवसच लाल होता तीही तशीच लांबलेली. आणि निळ्या फळीवर बुटकी, गडद हिरवी, जाड देठाची रोपं, बगलेबगलेत मणी. सुनंदाने ती बाटली उजेडाकडे धरली आणि कितीतरी दिवसांनी हसली.

"लालवाले नुसते उंडारतात," ती म्हणाली, "निळेवाले संसार करतात."

मॅडमनी हे वाक्य पुढे भेटीला येणाऱ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगितलं. मालक त्या दिवशी जाता जाता सुनंदापाशी थांबले आणि म्हणाले, "उद्यापासून वेळेवर या." माफी मागायची त्यांची पद्धत ही अशी. सुनंदा म्हणाली, "उशीर मी कदी केलाय?" आणि पुढची बाटली उघडली.

त्यानंतर त्या प्रयोगशाळेतला उजेड माझ्या ताब्यात आला. रोपं वाढवायच्या खोलीत लाल जास्त, म्हणजे कांड्या लांबतात आणि तुकडे सोपे पडतात. मणी धरवायच्या खोलीत निळं जास्त आणि त्यांच्या रात्री फक्त हिरवा. कोणत्या जातीला किती, हे मी स्वतः फळी फळी लावून शोधलं आणि वहीत लिहून ठेवलं. मी दहावी पास. पण मोठ्या शिकलेल्या लोकांनी त्या वहीचे फोटो काढून नेले आहेत आणि याचा मला अभिमान आहे. उगाच विनय दाखवत नाही.

लोक घरचे प्रश्नही घेऊन येऊ लागले. बेलवलीचे एक निवृत्त मास्तर कुंडीच उचलून घेऊन आले. हिरवंगार बटाट्याचं झाड, छातीपर्यंत उंच. "थंडी अर्धी सरली, खाली एक बटाटा नाही. खत कमी पडतं का?" मी विचारलं, "गॅलरीसमोर काय आहे?" रस्त्याचा नारिंगी दिवा होता, रात्रभर जळणारा. मी म्हटलं, "मास्तर, खत नको. संध्याकाळी सहाला यावर पिंप पालथं घाला, सकाळी काढा. झाडाला रात्र द्या." त्यांना वाटलं मी थट्टा करतो आहे. दीड महिन्याने रुमालात बांधून चार बटाटे घेऊन आले, सुपारीपेक्षा थोडे मोठे. एक मला दिला. आम्ही दोघांनी तो उकडून, मीठ लावून चहाबरोबर खाल्ला.

गेल्या वर्षी निवृत्त झालो. सुनंदा आता त्या विभागाची प्रमुख आहे आणि नव्या मुलींना चिमटा धरायला तीच शिकवते. शेवटच्या दिवशी शाल, नारळ, भाषणं झाल्यावर तिला बाजूला घेतलं आणि इतकी वर्षं राहून गेलेलं सांगितलं. शनिवारी दुपारी मला सगळं कळलं होतं आणि सोमवारपर्यंत मी गप्प बसलो होतो.  ती म्हणाली, "मला ठावं हाय. शनिवारी तुमी गेल्यावर मी दुसऱ्या किल्लीनं आत आले तवा खडूच्या खुना बघितल्या होत्या. मला त्यातला काय समजला नाय. पण सोमवारी तुमी बोललात तवा समजला, की तुमाला शनिवारीच कळला होता."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"तुमी बोललात ना. मंग मी कशाला?"

मी अंधाऱ्या खोलीत गेलो, हिरवा दिवा लावला आणि खिळ्यावरचा एप्रन काढला. तो मी घरून आणला होता, घरी न्यायचा होता. सुनंदा मागोमाग आली आणि माझ्या हातातून तो घेऊन तिने परत खिळ्यावर टांगला.

"हा नाय द्यायची," ती म्हणाली. "माझ्या बाजूनं पयला हा बोलला. तुमी दोन दिवसांनी."